बोलायला चित्र आधी, वाचायला चित्र नंतर: सातपुड्याच्या पायथ्याच्या एका द्विशिक्षकी शाळेतला इंग्रजीचा वर्ग

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, पट 41, शिक्षक दोन. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. दोन्ही इयत्तांची मिळून 19 मुले. गाव, शाळा आणि माणसे ओळखू येतील असे तपशील येथे काढून टाकले आहेत.

या 19 जणांपैकी 13 मुलांच्या घरी पावरी बोलतात, चौघांच्या घरी अहिराणी, दोघांच्या घरी भिली. शाळेत मराठी, बाजारात अहिराणी, टीव्हीवर हिंदी, आणि आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्यांच्या तोंडी थोडी गुजरातीसुद्धा. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे चौथीतल्या मुलांची इंग्रजीची तीन वर्षे झालेली होती. पण त्यांच्यासाठी ती चौथी किंवा पाचवी भाषा. नऊ वर्षांचे पोर तीन भाषांत मिरचीचा भाव विचारू शकते, त्यामुळे या मुलांना भाषेचे अंग नाही असे कोणी म्हणू नये.

वेळेचे गणित मात्र अवघड. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि होळीला परततात. सातपुड्यात होळीला घरी नसणे म्हणजे मोठीच गोष्ट, त्यामुळे मुले तेव्हा नक्की येतात. पण मधले चारेक महिने गेलेले असतात. जे काही पक्के करायचे ते जूनपासून दिवाळीपर्यंत.

शाळेत इंग्रजीचे साहित्य बऱ्यापैकी होते. बाजारातून आणलेले वर्णमालेचे दोन तक्ते, 26 चित्रकार्डांचा एक संच, लोकसहभागातून घेतलेला टीव्ही, आणि बालभारतीची पुस्तके. साहित्य नाही ही तक्रार इथे नव्हतीच.

अडचण

ऑगस्टच्या सुरुवातीला केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, शाळाभेटीला आले. तिसरी-चौथीच्या सरांनी चित्रकार्डे एकामागून एक दाखवली आणि वर्ग दणाणून गेला: ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल, सी फॉर कॅट. एकही कार्ड चुकले नाही. मग केंद्रप्रमुखांनी एक साधी गोष्ट केली. चित्र तळहाताने झाकले आणि फक्त खालचा शब्द दाखवला. वर्ग थबकला. तिघांनी प्रयत्न केला, बाकीचे सरांच्या तोंडाकडे बघू लागले. फळ्यावर सी-ए-पी असे लिहिल्यावर एक मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, ‘कॅट’. पहिले अक्षर बघितले आणि ज्या चित्राशी ते जोडलेले होते ते नाव सांगून टाकले.

दुसरी गोष्ट चित्रांबद्दलची. आय फॉर इग्लूचे कार्ड निघाले तेव्हा मागच्या बाकावरून एक पोऱ्या शेजारच्याला म्हणाला, ‘हाई ते भट्टी शे!’ गावाबाहेर वीटभट्टी आहे, आणि पांढरा घुमट, खाली धूर निघायला असावे तसे भोक, असे ते चित्र. त्याचे निरीक्षण काही चूक नव्हते. याकचा रेडा झाला होता, क्वीनची देवी. मुले या चित्रांत काय बघत होती हे तीन वर्षांत कोणी विचारले नव्हते, कारण तोंडातून ‘आय फॉर इग्लू’ बरोबर येत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पुस्तकातले पाणी भरणाऱ्या बाईचे चित्र दाखवून ‘व्हॉट इज शी डुइंग?’ विचारले. उत्तर आले, ‘वुमन.’ पुन्हा विचारले. ‘वॉटर.’ वस्तूचे नाव सांगण्यापलीकडे चित्राचा काही उपयोग असतो हे मुलांना माहीत नव्हते. क्रियापद कोणालाच आले नाही.

केंद्रप्रमुख निघून गेल्यावर सरांनी प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून 20 शब्द चित्राशिवाय वाचायला दिले. सगळे शब्द आधी शिकवलेले. 16 मुलांना पाचही आले नाहीत. तिघांना 8 ते 11 आले. हा कागद जपून ठेवला म्हणून पुढच्या दहा आठवड्यांबद्दल काही ठाम बोलता येते. पुष्कळ शाळांत नवा प्रयोग उत्साहाने सुरू होतो आणि आधी काय होते याची नोंदच नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय भिंती रंगवून घेण्याचा. ग्रामपंचायतीकडून पैसे मिळण्यासारखे होते आणि पाहुण्यांना बोलक्या भिंती आवडतात. अडचण अशी की भिंतीवरचे चित्र झाकता येत नाही, काढता येत नाही, क्रम बदलता येत नाही. महिनाभराने ते कोणाला दिसतही नाही. शाळेची मूळ अडचण चित्र आणि शब्द कायमचे चिकटून बसले ही होती. भिंतीने ती पक्की झाली असती.

दुसरा टीव्हीचा. मुले व्हिडिओ तल्लीन होऊन बघतात, गाणी पाठ करतात. पण टीव्ही थांबून उत्तराची वाट बघत नाही, आणि दुपारी वीज असेलच असे नाही. तो शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ठेवायचे ठरले.

तिसरा पर्याय प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ लिहून पाठ करून घेण्याचा. चांगल्या तयारीच्या वर्गात तो झटपट चालतो. इथे मात्र 15 मुलांसाठी तो मराठी अर्थ हीच दुसऱ्या भाषेतली पायरी होती. ‘बादली’ कळली तरी ‘ओतणे’ आणि ‘सांडणे’ यांतला फरक मराठीतच डळमळीत, मग त्यावर इंग्रजी कशी उभी राहणार?

चौथा पर्याय पिक्चर वर्ड इंडक्टिव्ह मॉडेल या नावाने शिक्षक-प्रशिक्षणात ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा. मुलांना ओळखीचे असे एक मोठे, माणसे आणि हालचाल असलेले चित्र मधोमध लावायचे. मुले त्यात जे दाखवतील त्यापासून रेघ ओढून कडेच्या कागदावर इंग्रजी शब्द लिहायचा. मग त्याच शब्दांचे गट, त्यानंतर चित्राला शीर्षक, शेवटी वाक्ये. मुले चित्रातून शब्द काढतात आणि शब्दांतली साम्ये स्वतः शोधतात हे या पद्धतीचे बलस्थान. दोन इयत्ता एका खोलीत असताना हे आणखी सोयीचे पडते, कारण चित्र एकच आणि प्रश्न दोन पातळ्यांचे.

सरांनी चौथा पर्याय घेतला आणि त्याला दोन जोड दिल्या: क्रियापदांसाठी हाताने काढलेली छोटी कार्डे, आणि वाचनासाठी दोन बाजूंचे कार्ड. खरे काम या दोन जोडांनीच केले.

काय केले

मोठ्या चित्रासाठी मोबाइलवर फोटो काढून तालुक्याच्या गावी ए-थ्री आकाराची रंगीत प्रिंट काढली. ती 22 बाय 28 इंची कार्डशीटच्या मध्यावर चिकटवली, म्हणजे चारही बाजूंना शब्द लिहायला जागा राहिली. लॅमिनेशन मुद्दाम केले नाही. लॅमिनेशनचा कागद खिडकीच्या उजेडात चमकतो आणि बाजूला बसलेल्या मुलांना काही दिसत नाही. शिवाय त्यावर साध्या मार्करने लिहिलेले पुसले जाते.

पहिला तक्ता आठवडे बाजाराचा झाला आणि फसला. फोटोत पन्नास गोष्टी होत्या. मुले इतकी उत्साहात होती की सर लिहीतच गेले; दोन तासांत 34 शब्द आणि रेघांचे जाळे. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला मिळून सहा शब्द आठवले. गर्दीचे चित्र बोलके वाटते, पण नजर कुठे ठेवावी हेच नवख्याला कळत नाही. इथून पुढे एका तक्त्याला 14 शब्दांची मर्यादा घातली, त्यातली किमान पाच क्रियापदे. मुलांनी पंधरावा शब्द मागितला तर तो तोंडी सांगायचा, लिहायचा नाही.

दुसरा तक्ता गावच्या हापशाचा. चार माणसे, दोन हंडे, एक बादली, एक शेळी, चिखल. हा फोटो नीट निवडलेला होता: माणसे एकमेकांना झाकत नव्हती आणि प्रत्येक जण काहीतरी वेगळे करत होता. एक हापसतो, एक भरते, एक डोक्यावर घेऊन निघाली आहे, एक नुसती वाट बघते.

पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिले नाही. फक्त बोलणे, आणि तेही कोणत्याही भाषेत. मुलाने बोट ठेवून आपल्या भाषेत सांगायचे, सरांनी इंग्रजीत परत द्यायचे. सरांना पावरी येत नव्हती, म्हणून चौथीतली एक मुलगी दुवा झाली. अहिराणीचा मात्र सरांना अनपेक्षित फायदा झाला. हापशाकडे बोट दाखवून एक मुलगा म्हणाला, ‘ती पानी भरी राहिनी.’ सरांनी तेच वाक्य फळ्यावर लिहून ‘भरी’ खाली एक रेघ आणि ‘राहिनी’ खाली दुसरी ओढली. मग ‘शी इज फिलिंग’ लिहून ‘फिलिंग’ आणि ‘इज’ खाली तशाच दोन रेघा ओढल्या. चाललेल्या क्रियेसाठी दोन तुकडे लागतात हे मुलांच्या बोलीतच होते. पुढे ‘इज’ विसरणाऱ्याला सर फक्त ‘राहिनी कुठे गेली?’ एवढे विचारायचे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रेघा आणि शब्द. प्रत्येक शब्दाची रीत ठरलेली: मुलगा बोट ठेवतो, सर शब्द म्हणतात, वर्ग म्हणतो, सर लिहितात, वर्ग एकेक अक्षर म्हणतो, पुन्हा शब्द म्हणतो. अक्षरे म्हणण्याची पायरी वेळखाऊ वाटते म्हणून ती गाळण्याचा मोह होतो. ती गाळली की मुले पुन्हा चित्राकडेच बघू लागतात, कारण शब्दाकडे बघण्याचे कारणच उरत नाही.

मग प्रश्नांची शिडी. आधी ‘शो मी द गर्ल’, उत्तर बोटाने. मग ‘इज शी फिलिंग द पॉट?’, उत्तर हो किंवा नाही. मग ‘इज शी फिलिंग ऑर कॅरिंग?’, उत्तर प्रश्नातच आहे, उचलायचे. सगळ्यांत शेवटी ‘व्हॉट इज शी डुइंग?’ केंद्रप्रमुखांनी पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न हा शिडीचा शेवटचा टप्पा होता. तिसरीच्या मुलांना खालच्या दोन पायऱ्या, चौथीला वरच्या दोन, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एकेक पायरी वर.

छोटी कार्डे क्रियापदांची. इथे चित्राचा एक मूळ दोष समजून घ्यावा लागतो. पाणी पिणाऱ्या मुलाचे चित्र दाखवले तर ते ‘बॉय’ आहे, ‘वॉटर’ आहे, ‘ग्लास’ आहे, ‘थर्स्टी’ आहे आणि ‘ड्रिंकिंग’सुद्धा आहे. चित्र आपला अर्थ स्वतः सांगत नाही. त्यावर उपाय एकच: दोन-तीन चित्रे शेजारी ठेवायची, ज्यांत एकच गोष्ट बदललेली असेल. तीच मुलगी, तोच हंडा. एकात भरते आहे, एकात डोक्यावर नेते आहे, एकात ओतते आहे. मुलगी आणि हंडा तिन्हींत सारखे असल्यामुळे नवा शब्द कशासाठी आहे ते न सांगता कळते.

सरांना चित्र काढता येत नव्हते, आणि त्याने काही बिघडले नाही. डोक्याला गोल, अंगाला काड्या. पहिले चित्र काढून ते खिडकीच्या काचेवर धरायचे, वर दुसरा कागद ठेवून अंग आणि हंडा तसाच गिरवायचा, फक्त हात बदलायचे. कार्ड 15 बाय 10 सेंटिमीटरचे. एका कार्डशीटमधून 20 निघतात. शब्दाची अक्षरे 3 ते 4 सेंटिमीटर उंच, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही वाचता येतात. लाल-हिरव्याचे कार्डही याच नियमाने सुधारावे लागले. आधी ‘रेड’साठी एकटा टोमॅटो होता, आणि मुले लाल ओढणीला ‘टोमॅटो’ म्हणू लागली होती. मग एकाच आकाराची लाल मिरची आणि हिरवी मिरची शेजारी आली आणि घोळ मिटला. नंदुरबारकडच्या पोरांना मिरचीत रंगाचा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आवाजांसाठी दोनच जोड्या घेतल्या: पेन आणि पॅन, कॉट आणि कोट. चारही वस्तू ओळखीच्या, त्यातली खाट तर प्रत्येक अंगणात. सर शब्द म्हणतात, मुलाने योग्य चित्राला हात लावायचा. मुलाला फरक ऐकू येतो की नाही हे हातावरून कळते, तोंडातून येवो न येवो.

निर्णयाचे क्षण

चित्र कधी काढायचे, हा या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक निर्णय होता. हापशाच्या तक्त्याच्या पाचव्या दिवशी सरांनी शब्दकार्डे चित्राशिवाय वाचायला दिली आणि एक मुलगी 12 कार्डे धडाधड वाचून मोकळी झाली. सगळे खूश. पण ‘बकेट’च्या कार्डावर खिचडीच्या हळदीचा डाग होता आणि ‘मड’च्या कार्डाचा कोपरा दुमडलेला. सरांनी तेच शब्द कोऱ्या कार्डांवर लिहून दुसऱ्या दिवशी दिले, तेव्हा तिला चार आले. ती शब्द वाचत नव्हती, कार्ड ओळखत होती. चित्र काढून टाकले तरी डाग चित्राचेच काम करत होता.

यावर सरांनी उलट टोक गाठले आणि आठवडाभर तक्ता गुंडाळून ठेवला. वर्ग मुका झाला. दहा दिवसांत जी मुले वाक्य बोलू लागली होती ती पुन्हा सरांच्या तोंडाकडे बघू लागली. हा निर्णय चुकला असेच म्हणावे लागेल, कारण बोलणे आणि वाचणे ही दोन वेगळी कामे एकाच दोरीने बांधली गेली होती.

तोडगा पहिली-दुसरीच्या शिक्षिकांनी सुचवला. त्या म्हणाल्या, ‘सर, बोलायच्या वेळी चित्र पुढे ठेवा आणि वाचायच्या वेळी पाठीमागे. गणिताची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असतात ना, तसं.’ मग कार्ड दोन बाजूंचे झाले: पुढे शब्द, मागे चित्र. मुलाने आधी शब्द वाचायचा, मोठ्याने म्हणायचे, आणि मगच उलटून चित्राशी ताडून बघायचे. चूक असेल तर पुन्हा अक्षरांकडे. चित्राचा इशारा बंद झाला, आणि बरोबर-चूक सांगायला सरांची गरज उरली नाही. जोड्यांनी खेळता येऊ लागले, आणि बहुवर्ग अध्यापनात एका इयत्तेला असे 15 मिनिटे स्वतःच्या हाती सोडता येणे म्हणजे शिक्षकाला केवढा दिलासा असतो हे अशा वर्गात उभे राहिलेल्यांना सांगायला नको. डागाळलेली कार्डे दर सोमवारी बदलायची, एवढे पथ्य.

दुसरा निर्णय फोटोतल्या माणसांचा. हापशावरच्या बाईला वर्गातल्या मुलांनी लगेच ओळखले. एकाची ती काकी होती. दोन दिवस हसण्या-चिडवण्यात गेले, आणि काकूंनाही आपला फोटो शाळेत लावलेला आवडला नाही. सरांनी घरी जाऊन माफी मागितली आणि फोटो उतरवला. त्याच फोटोवरून रेघांचे चित्र गिरवून घेतले, चेहरे कोरे ठेवून. शाळेबाहेरच्या कोणाचाही फोटो लावण्याआधी विचारायलाच हवे होते. त्यातून एक शिकवणीची सोयही झाली: चेहरा नसलेल्या माणसाबद्दल मुले मोकळेपणाने बोलतात.

तिसरा निर्णय छोटा, पण त्यावर दोघा शिक्षकांत बरीच चर्चा झाली. शाळेतल्या स्वयंपाकाच्या तक्त्यावर मुलांनी भाकरीला रेघ मागितली. ‘ब्रेड’ लिहायचे का? लिहिले असते तर पुस्तकातला पाव आणि घरची भाकर एक झाली असती. ‘शी इज मेकिंग भाकरी’ असेच लिहिले. ज्या वस्तूला इंग्रजीत नाव नाही ती आपल्या नावाने इंग्रजी वाक्यात जाऊ शकते, हे कळल्यावर मुले वाक्यासाठी अडून बसेनाशी झाली.

चौथा, दुवा झालेल्या मुलीचा. तीन आठवड्यांनी लक्षात आले की ती सगळ्यांचे पावरी सांगते आणि स्वतः इंग्रजी सर्वांत कमी बोलते. मग दुव्याचे काम रोज वेगळ्याकडे दिले. हे पहिल्या दिवसापासून करता आले असते.

निकाल

दहा आठवड्यांत पाच तक्ते झाले: बाजार, हापसा, पपईची गाडी भरणे, शाळेतला स्वयंपाक, आणि शेवटचा मुद्दाम पुस्तकातल्या चित्रावरून मोठा केलेला. दिवाळीच्या सुट्टीआधी 17 मुले हजर होती. नव्या कोऱ्या कार्डांवर, चित्राशिवाय, 20 शब्द वाचायला दिले. नऊ मुलांनी 15 किंवा जास्त वाचले, पाच जणांनी 8 ते 14, आणि तिघांना अजूनही पाचच्या आत. या तिघांना मराठी वाचनही जमत नाही. त्यांच्या बाबतीत इंग्रजीच्या चित्रांकडून आणखी अपेक्षा करणे बरोबर नव्हते, त्यांची अक्षरओळख वेगळी हाताळायला हवी होती.

बोलण्याची तपासणी कधीच न बघितलेल्या चित्रावर घेतली: खाट, खाटेखाली कोंबडी, टोपली, खाटेवर झोपलेला मुलगा, दळण घेऊन येणारी बाई. एक मिनिट, सर गप्प. 11 मुलांनी चार किंवा जास्त वाक्ये केली, चौघांनी दोन-तीन, दोघांनी फक्त नावे सांगितली. ‘द हेन इज अंडर द कॉट’ हे वाक्य बहुतेकांना आले. ‘द’ आणि ‘अ’ गळत होते. ते तेव्हा दुरुस्त केले नाहीत, आणि ते बरेच झाले.

आणि इग्लूचे जुने कार्ड पुन्हा काढले. तोच भट्टीवाला मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘इट इज अ हाऊस. द मॅन इज... सर, बाहेर येतोय, इंग्रजीत?’ शब्द अडला, पण आपण कुठे अडलो ते त्याला कळले. गावची चित्रे घ्यायची ती अशा ठिकाणी पोहोचण्यासाठी. मुलांना गावापुरते ठेवण्यासाठी नव्हे.

एक दोष मात्र ठळकपणे शिल्लक राहिला. ‘तू सकाळी काय करतोस?’ या अर्थी विचारले की उत्तर यायचे, ‘आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे.’ स्थिर चित्रात माणूस नेहमी काहीतरी करत असतो, त्यामुळे चित्रांवर शिकलेले मूल सगळेच चालू काळात बोलते. रोजची गोष्ट आणि होऊन गेलेली गोष्ट एका चित्रात दिसत नाही. रोजच्या गोष्टीसाठी सूर्य उगवताना, डोक्यावर आणि मावळताना अशी दिनक्रमाची पट्टी लागते. झालेल्या गोष्टीसाठी रिकामा हंडा आणि भरलेला हंडा अशी आधी-नंतरची जोडी. या दोन्ही पट्ट्या दिवाळीनंतर तयार झाल्या, म्हणजे सहा मुले ऊसतोडीला गेल्यावर.

त्यांतली चार होळीनंतर परतली. हापशाचा तक्ता दाखवल्यावर चौघेही बोलू लागली, पहिल्याच दिवशी. वाचन मात्र जवळजवळ पुसले गेले होते.

पुन्हा करायचे तर

सुरुवात बाजाराच्या फोटोने करायची नाही. पहिले दोन आठवडे फक्त खाट, कोंबडी आणि टोपली: वर, खाली, आत. तीन वस्तू आणि तीन जागा यांतून नऊ चित्रे होतात, आणि सर सांगतील तसे मुलांनी पाटीवर काढायचे. ऐकून काढणे हा चित्राचा सर्वांत स्वस्त उपयोग या वर्गात फारच उशिरा, चौथ्या तक्त्यानंतर आला. मुलाने टोपली खाटेवर काढली की खाली काढली यावरून त्याला समजले की नाही ते एका नजरेत दिसते, आणि न बोलणारे मूलही त्यात मागे राहत नाही.

दोन बाजूंचे कार्ड पहिल्या दिवसापासून. चालू काळाबरोबरच, तिसऱ्या तक्त्यापासून, दिनक्रमाची पट्टी. फोटोपेक्षा गिरवलेले चित्र आधी. फोटो हवाच असेल तर मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचा घ्यावा. तिथे सगळ्यांची नजर घोड्यावर जाते, कोणाच्या काकीवर नाही.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी 15 दुहेरी कार्डे, एका कोपऱ्याला भोक पाडून सुतळीत ओवलेली. तांड्यावर शिक्षक नसतो, पण मागचे चित्र उलटून बघायला शिक्षक लागत नाही. कार्डांची निवड मुलाने स्वतः करायची: ज्या शब्दांवर तो अडतो ते दहा आणि जे येतात ते पाच. पाच येणारे मुद्दाम ठेवायचे, म्हणजे सुतळी सोडताना पहिलेच कार्ड अडत नाही. यंदाचे सहा संच कापून तयार आहेत. ते दिवाळीच्या सुट्टीच्या दिवशी द्यायचे नाहीत, आठवडाभर आधी द्यायचे, कारण काही कुटुंबे सुट्टीची वाट न बघता निघतात.